गाणे संथ कुणी केले?

आमच्या बँडने वाजवलेले ते अमेरिकन गाणे मुळापेक्षा संथ का होते, याची एक कथा सध्या लोणावळ्यात पसरली आहे. ती खोटी आहे. ती पसरवणारा आमचाच ड्रमवादक, कामशेतच्या भातगिरणीचा मालक, माझा तरुणपणापासूनचा मित्र आहे. म्हणून ती खोडून काढणे मला अधिकच अगत्याचे वाटते.

आधी गाण्याविषयी. ‘सोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातले ते गाणे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गाण्याची धग प्रेमाच्या गाण्यात उतरली की सोल होते, असे मी विचारणाऱ्याला सांगत आलो आहे. सोडून गेलेल्या बाईला एक पुरुष परत बोलावतो, एवढाच त्याचा विषय. ऐकणारे गायकाच्या आवाजावर भाळतात. भाळोत. मला विचाराल तर ते गाणे मागे वाजवणाऱ्यांचे आहे. सुरुवात एकट्या बास गिटारने होते. खर्जाचे चार सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात, आणि मग ड्रम आत शिरतो. तो ड्रमवाला प्रत्येक ठोका केसभर उशिरा टाकतो. त्यात चूक नसते, नाखुशी असते. दुसऱ्या कडव्यात बासवाला एक सूर सरळ गाळतो आणि त्या रिकाम्या जागेत गायकाचा श्वास ऐकू येतो. आमच्या बँडचा बासवाला मी; ती जागा मी अनेक वर्षे भरून काढत होतो, कारण रिकामी जागा ठेवायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नव्हती.

रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो आहे. वादकांची नावे कुठेही नाहीत. ते रोजावर बोलावलेले लोक. सकाळी एकाचे गाणे वाजवायचे, दुपारी दुसऱ्याचे, आणि घरी जायचे. त्या अनामिक बासवाल्याचा मला आयुष्यभर हेवा वाटत आला. त्यालाही कुणी ओळखत नाही, हाच काय तो दिलासा.

आमचा बँड पाच जणांचा होता. मुंबईची श्रीमंत मंडळी लोणावळ्याच्या आपल्या बंगल्यांत लग्ने, वाढदिवस करीत, तेव्हा हिरवळीवर आम्ही वाजवत असू. लिहिलेले संगीत आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हते. बाकीची गाणी रेडिओवरून उचललेली. ही एकच तबकडी आमच्याकडे होती, सॅक्सोफोनवाल्याच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने आणलेली. सुई ठेवायची, चार ओळी ऐकायच्या, सुई उचलायची, आणि आपापला भाग कानाने पकडायचा, अशी आमची पद्धत. सॅक्सोफोनवाल्याच्या प्लेयरमधली, तबकडीला फिरवणारी रबराची चाकी झिजली होती. त्यामुळे तबकडी सावकाश फिरे, सूर उतरे, ताल रेंगाळे. आम्ही ते गाणे अन्यत्र ऐकलेच नसल्याने आम्हाला संशय येण्याचे कारण नव्हते. आमच्या वाद्यांशी सूर जुळेना, तेव्हा मी बासच्या तारा सैल केल्या आणि इतरांना माझ्याशी मिळवून घ्यायला लावले. संथपणा चाकीचा, तो पेलला माझ्या तारांनी. खरा इतिहास एवढाच आहे.

पुढे मी स्वतःचा प्लेयर घेतला, त्यावर तीच तबकडी भरभर वाजली आणि उलगडा झाला. पण तोवर लोणावळ्याला आमचीच संथ चाल अंगवळणी पडली होती. एका बंगल्याच्या मालकीणबाईंनी तर मूळ रेकॉर्ड ऐकून ‘हे कुणी बिघडवलं?’ असे मलाच विचारले.

यंदा दिवाळीनंतर लोणावळ्यातल्याच तुंगार्लीच्या एका कॉफीच्या दुकानात मला आणि ड्रमवादकाला त्या गाण्याविषयी बोलायला आणि ते वाजवायला बोलावणे आले. बँडमधले आता आम्हीच उरलो आहोत. दुकान चालवणारी तरुण बाई जुन्या रेकॉर्डी जमवते, आणि स्वतः बरी गाते. तिने आधी ड्रमवादकाच्या हाती माईक दिला, आणि तिथेच बिघडले.

“गाणं लय पळत व्हतं,” तो म्हणाला. “मी म्हनलं, पळवू नका. घाटात गाडी चढती तसं चढू द्या. मानूस रुसलेल्या बाईला बोलवायला पळत जातो व्हय? ती आनखी लांब जाईल.”

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एकाने ते वाक्य मोबाईलवर टिपून घेतले.

मी खुर्चीतूनच म्हणालो, “ते संथ कुणी केलं नाही. प्लेयरची चाकी झिजली होती.”

“झिजली व्हती की,” तो म्हणाला. “पन भाऊ, झिजल्या चाकीवर लोकांला नाचवलं कुनी? चाकीनं?”

पुन्हा हशा. त्याच्या तोंडी सत्यसुद्धा त्याच्याच बाजूने बोलू लागले. गिरणीत भाताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाकडे सगळे दुकान डोळे लावून बसले होते, आणि मी जणू हिशेब तपासायला आलेला पाहुणा. मला त्याचा मत्सर वाटला. त्यासाठी सौम्य शब्द मी शोधणार नाही.

मग वाजवण्याची वेळ आली. दुकानवाली गाणार होती. गाणे एकट्या बासने सुरू होते, म्हणजे चालीचा वेग ठरवणे माझ्या हाती होते. मी तारा मूळ सुरात चढवून घेतल्या आणि मूळ रेकॉर्डच्या वेगाने सुरुवात केली. ज्याने गाणे आपण बुद्ध्या संथ केले असे सांगितले, त्याला ते संथ नसताना वाजवता येते का, हे लोकांनी पाहावे, एवढाच माझा हेतू. ह्याला कुणी डाव म्हणत असेल, तर खुशाल म्हणावे.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मग तो आत आला. वेग माझा होता, पण ठोका त्याचा, केसभर मागे. तीच ती नाखुशी. त्याने मूळ रेकॉर्ड किती वेळा ऐकली असेल, आणि कुठे बसून, ते देव जाणे. मला कधी बोलला नाही. मी वेग आणखी थोडा वाढवला. तो घाई न करता तिथेही आला. दुकानवाली मोकळी गात होती, तिला खाली भक्कम जमीन लागली होती. मला मान्य करावे लागते की माझा बास त्या संध्याकाळइतका चांगला कधी वाजला नव्हता, आणि त्याचे कारण माझ्या डाव्या हाताला, ड्रमच्या मागे बसले होते.

गाणे संपल्यावर दुकानवालीने विचारले, “काका, आज हे तुमच्या नेहमीच्या संथ चालीपेक्षा इतकं वेगळं कसं वाजलं?” प्रश्न दोघांनाही होता. मी घसा साफ करेपर्यंत माईक त्याच्याकडे गेला.

“ह्यानं चाल धरली,” तो म्हणाला. “मी निस्ता मागं बसलो. ह्याच्या मागं बसाय लय बरं वाटतं. इतकी वर्सं बोलायचं ऱ्हाऊन गेलं.”

लोक उभे राहिले. टाळ्या माझ्यासाठी होत्या. मी नमस्कार केला. जे मला हवे होते ते मिळाले, पण ते त्याने दिले, आणि देणाऱ्याचा मोठेपणा त्याच्याच पदरी पडला. परतताना दोघे-तिघे त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, “काय दिलदार माणूस.”

हल्ली कामशेतच्या बाजारात तो हा प्रसंग सांगतो, असे माझ्या कानावर आले आहे. त्या संध्याकाळची चाल मी धरली, असेच तो सांगतो. ते खरे आहे. तरीही ते त्याने सांगू नये, असे मला वाटते.