पोटदुखीचा संप

विमान कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर तिथे को-पायलट होता. तो वहिनी म्हणायचा म्हणून त्याच्या बरोबरीचे म्हणू लागले आणि मग केस पिकलेले कॅप्टनसुद्धा. वैमानिकांना फोन करून ड्युटी सांगायची, हे तिचं काम. "उद्या पहाटेचं विमान तुमच्याकडे. फिट आहात ना?" समोरचा "फिट आहे" म्हणाला की झालं. "नाही" म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही, मुकाट्याने दुसऱ्याला फोन लावायचा. बरं नसलेल्या माणसाच्या हाती विमानभर जीव द्यायला नकोत, म्हणून केलेला नियम. फोनवरचं सगळं रेकॉर्ड व्हायचं. वहिनी रोज पहिला फोन लावायच्या आधी मनातल्या मनात हात जोडायची, की देवा, वर गेलेलं सगळं धडपणे खाली येऊ दे.

नियम चांगला होता. माणसांनी त्याची वाट लावली.

सुरुवात कंपनीने केली. वैमानिकांचे पगार थकवले. एक महिना गेला, दुसरा गेला, पुढे लोकांनी मोजायचं सोडलं. बाकीच्यांचे मात्र दिले. सामान चढवणाऱ्यांचे, तिकीटवाल्यांचे, वहिनीचाही. यात दयाबुद्धी काही नव्हती. "मोठ्या पगाराच्या लोकांनी जरा कळ सोसावी," असं कंपनीचा साहेब सगळ्यांदेखत म्हणायचा, म्हणजे लहान पगाराच्यांनी आपसूक मोठ्यांकडे बोट दाखवावं. दिराने वैमानिक होण्यासाठी काढलेल्या कर्जाला घर तारण होतं. त्याचा हप्ता आता वहिनीच्या पगारातून जाऊ लागला, आणि तिचा नवरा पंख्याकडे बघत "होईल काहीतरी" म्हणू लागला. तो पंखा तरी फिरत होता.

संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिली की नावं कळतात, आणि नावं कळली की कंपनी एकेकाला गाठते. म्हणून वैमानिकांच्या म्होरक्याने, एका भारदस्त मिशीवाल्या कॅप्टनने, शक्कल लढवली. संप करायचाच नाही, आजारी पडायचं. का म्हणून विचारायची सोय नाहीच!

एका सोमवारी सकाळी वहिनीने पहिला फोन लावला.

"वहिनी, पोट बिघडलंय हो."

"काळजी घ्या." तिने दुसरा लावला.

"वहिनी, पोट."

तिसऱ्याने तर तिचा आवाज ऐकायच्या आधीच कण्हायला सुरुवात केली. चौथा कण्हत असताना मागून त्याची बायको ओरडत होती, "अहो, बॅडमिंटनला उशीर होतोय!"

वहिनीने फोन आपटला. "सगळ्यांचं पोटच कसं गं? एकाची पाठ नाही, एकाची दाढ नाही!"

"ठरवून केलं, तरी थोडं वाटून घ्यायचं ना," शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

दुपारपर्यंत बाहेर नुसता गोंधळ उडाला. प्रवासी बॅगांवर बसून होते आणि खिडकीवरच्या मुलींना वाट्टेल ते बोलत होते. साहेबाने दुसऱ्या कंपनीकडून वैमानिकांसकट दोन विमानं भाड्याने मागवली. पगाराला पैसे नाहीत म्हणणाऱ्याकडे भाड्याला होते! आजाऱ्यांच्या घरी तपासणीला त्याने कंपनीचा डॉक्टर धाडला, आणि खुर्ची ओढून वहिनीशेजारी येऊन बसला.

"आता जो नाही म्हणेल, त्याला विचारायचं. पगारासाठी नाही म्हणताय का?"

"साहेब, का ते विचारायचं नसतं."

"आता विचारायचं."

"मग उद्या खरा आजारी माणूस नोकरीच्या भीतीने फिट आहे म्हणेल, आणि तसाच विमान घेऊन उडेल."

"वहिनी, तुम्ही फोन लावा."

"मी तुमची वहिनी नाही," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर लावला. दिराचा होता.

"तुमची संध्याकाळची ड्युटी आहे. फिट आहात का?"

"तब्येत ठणठणीत आहे, वहिनी."

साहेबाने मान वळवली.

"नीट आठवून सांगा, भाऊजी. सकाळी पोट धरून बसला होतात ना?"

"मी? मी तर दोनदा वाढून घेतलं. तुम्हीच वाढलंत."

"मग निघताय का?"

"नाही. पगार मिळेपर्यंत मी विमान उडवणार नाही. आजारी नाही, पण येणार नाही. फिट आहे की नाही, हे मी आजवर खरंच सांगत आलो. त्या एका शब्दाच्या भरवशावर माणसं आत येऊन बसतात. तो शब्द मी पोटदुखीत घालवणार नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला. बोलला ते सोळा आणे खरं होतं, पण या हरिश्चंद्राला आजचाच मुहूर्त सापडायचा होता! साहेब गालात हसला. दिवेलागणीपर्यंत दिराला कामावरून काढल्याचा निरोप घरी पोचला.

"पोट दुखतंय म्हणायला तुझं काय जात होतं?" सासूबाईंनी त्याला फैलावर घेतलं.

"आई, लहानपणी खोटं बोललो की तूच उपाशी ठेवायचीस."

"ते लहानपणी!"

म्होरक्याचाही फोन आला. त्याने सांत्वन वगैरे काही केलं नाही. "सगळ्यांच्या केल्यासवरल्यावर पाणी ओतलंत," म्हणाला.

पण पाणी भलतीकडेच मुरत होतं. पगाराची तक्रार घेऊन वैमानिकांची संघटना कामगार अधिकाऱ्याकडे गेली, तेव्हा ते सगळ्यांना कळलं. साहेब अधिकाऱ्याला शांतपणे म्हणाला, "वाद आहेच कुठे? पगार उशिरा होईल हे सगळ्यांना मान्य आहे. नसतं, तर कोणीतरी काम थांबवलं असतं. इथे एकानेही थांबवलेलं नाही. बिचारे आजारी आहेत, आम्ही स्वतः डॉक्टर पाठवला." अधिकाऱ्याने तक्रार उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर संघटनेचा शिक्का होता, माणसाचं नाव एकही नव्हतं. "नाव असल्याशिवाय मला वाद नोंदवता येत नाही," तो म्हणाला. म्होरक्या मिशीवरून हात फिरवत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायची हौस अशी अंगाशी आली.

राहिला एकटा दीर. त्याने कारण सांगून नकार दिला होता, म्हणजे साहेबाचं म्हणणं खोटं पाडणारा तोच. अधिकाऱ्याने त्या फोनची साक्ष द्यायला वहिनीला बोलावलं होतं. ती आत जायच्या आधीच साहेबाने तिला गाठलं.

"एवढंच सांगायचं, की ती दीर-भावजयीची थट्टा होती. उद्यापासून त्याला कामावर घेतो. थकलेला पगारही देतो, त्याच्यापुरता."

त्याच्यापुरता! वहिनीच्या डोळ्यांपुढे हप्ता आला, घर आलं, सासूबाई आल्या. एक वाक्य बोललं की सगळं जाग्यावर बसत होतं. आणि बाकीचे? त्यांनी तरी याच्यासाठी काय केलं होतं? देवा, तू माणसाला नेमकं तेव्हाच का विचारतोस, जेव्हा उत्तर परवडत नसतं?

आत अधिकाऱ्याने तिला बसायला सांगितलं. "फोनवरचं बोलणं मी ऐकलंय. साहेब म्हणतात, ती थट्टा होती."

दीर कोपऱ्यात उभा होता. डोळ्यांनी तो काहीच सुचवत नव्हता. निदान त्या वेळी तरी त्याने सुचवायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

"थट्टा नव्हती," वहिनी म्हणाली. "पगार मिळत नाही म्हणून येत नाही, असं त्याने धडधडीत सांगितलं. पोटदुखी मीच त्याच्या तोंडात घालत होते, तेही तुम्ही ऐकलंच असेल. त्याने घेतली नाही."

साहेबाने खुर्ची मागे सारली. अधिकाऱ्याने दिराचं नाव विचारून लिहिलं. "एका माणसाचा वाद नोंदला. कंपनीने याच्या पगाराचा हिशेब घेऊन यायचं. नोकरीचा निकाल त्यानंतर, आज नाही."

म्हणजे नोकरी गेलेलीच होती.

बाहेर वैमानिक घोळका करून उभे होते. म्होरक्या पुढे आला, दिराचा हात दोन्ही हातांत धरून भरल्या आवाजात म्हणाला, "शाबास! तुम्ही आमच्या सगळ्यांची लाज राखलीत. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

वहिनीचा इतका वेळ धरून ठेवलेला संयम तिथे सुटला.

"पाठीशी कशाला? पुढे व्हा ना! तो माणूस अजून आत बसलाय, कागद त्याच्यासमोर आहे. जा, तुमचं नाव सांगा."

"आत्ता?"

"मग काय, पेन्शन मिळाल्यावर?"

म्होरक्याने एकदा दिराकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग टोपी काढून काखेत धरली आणि दार ढकलून आत गेला. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले, तशी ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला काय वेगळं आमंत्रण हवंय?"