न रडलेलं लेकरू

सोनपेठहून परभणीला बी.ए.च्या परीक्षेला निघाले, तेव्हा माझा मुलगा सव्वा वर्षाचा होता, अजून अंगावर पीत होता. सासूबाईंनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. "झोपलंय तवर निघ. मागं वळून बगू नको. तुजी परीक्षा बी व्हईल अन् त्याचं दूध बी तुटंल."

आमच्याकडे दूध असंच तोडतात. लेकराला आईचा वास येऊ नये म्हणून त्यांनी माझी सगळी पातळं धुऊन पेटीत घातली. मेलेल्या माणसाचे कपडेसुद्धा कुणी इतक्या घाईनं आवरत नाही.

परभणीत मावशीकडे राहून मानसशास्त्र पाठ करत होते, आणि धडा नेमका हाच. मुलाला आईची किती ओढ आहे ते समजावं म्हणून संशोधक दोघांना खेळणी मांडलेल्या खोलीत बसवतात. एक अनोळखी बाई येते. आई जरा वेळ बाहेर जाते, परत येते. मूल किती रडलं यापेक्षा, आई परतल्यावर ते काय करतं हे बघायचं. बहुतेक मुलं बिलगतात, शांत होतात, पुन्हा खेळू लागतात. काही मात्र पाठ फिरवून खेळतच राहतात. ती निर्धास्त दिसतात, पण आत त्यांचं काळीज जोरात धडधडत असतं, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि विसरले होते.

पेपर संपले आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला. एसटी बंद. ज्यांची घरं जळत होती त्यांच्यापुढं माझं दुःख काय सांगायचं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. रोज स्टँडवर जाऊन रिकाम्या फलाटावर उभी राहायचे. छाती दुधानं दगड व्हायची. मोरीत पिळून टाकताना मी तोंडात पदर कोंबून रडायचे. मावशी म्हणायची, "आटंल आता." मला ते आटायला नको होतं. पुस्तकातली आई दाराआडच उभी होती. मी कुठं होते?

गाड्या सुरू झाल्या तशी पहिल्याच गाडीनं घर गाठलं. लेकरू अंगणात वाटी-चमच्याशी खेळत होतं. मी हाक मारली. त्यानं मान वर केली. मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. आणि पाठ फिरवून वाटी वाजवू लागलं.

"बग, कसं खेळायलंय!" सासूबाई हरखून गेल्या होत्या. "आई आली तरी रडंना."

रड रे बाबा, मी मनात म्हणत होते. बोचकार, मार मला, पण रड. मी त्याच्या मागं बसले, त्याला जवळ ओढलं. ते आलंही नाही, सुटलंही नाही. वाटी वाजवत राहिलं. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली काळीज धाडधाड उडत होतं.

"लय शाणं लेकरू हाय," दारातून शेजारीण म्हणाली.