दीपमालाचा परवाना आणि आमच्या ओळीचं पाणी

आमची सून दीपमाला, तिच्याबद्दल चार शब्द लिहून ठेवते. सासू सुनेबद्दल चांगलं बोलली तर गावात कोणाला खरं वाटत नाही. लिहिलेलं तरी वाटेल.

आम्ही ढिवर. माझा मुलगा कवडू धरणावर जाळं टाकतो आणि दीपमाला ते मासे आर्वीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसून विकायची. उन्हाळ्यात दुपार कलली की मासा मऊ पडतो. गिऱ्हाईक बोटानं दाबून पाहतं, नाक मुरडतं आणि पुढे जातं. उरलेला मासा तिनं किती वेळा कुत्र्यांना टाकला असेल. घरी येऊन टोपलं जरा जोरात आपटायची. मी काय ते समजून जायची.

मग तिनं झिंगे आणि बारीक मासे वाळवून त्यांच्या पुड्या करायचं मनावर घेतलं. वाळवलेला माल नासत नाही. आर्वीचे दुकानदार प्रभाकरराव पुड्या ठेवायला तयार झाले, पण म्हणाले, "बाई, पुडीवर परवान्याचा नंबर पाह्यजे. त्याबिगर मी ठेवत नाई."

झालं. तो परवाना तिच्या डोक्यातच बसला. मागच्या खोलीत सिमेंटचा पक्का कोबा करून घेतला. ओट्याला पांढऱ्या टाइल्स, खिडकीला जाळी, कचऱ्याला झाकणाची बादली. अंगणात वाळवायला बांबूची उंच माचाणं उभी केली आणि त्यांच्यावर मच्छरदाणी ताणली.

मी म्हटलं, "काय व माय, मासे का झोपून राह्यले?"

"हो आत्याबाई," ती म्हणाली. "त्यायले झोपेत कोनी तरास देऊ नये."

अर्ज गेला आणि एक दिवस फोन आला. अन्न खात्याच्या मॅडम उद्या सकाळी जागा पाहायला येणार. त्यानंतर त्यांची इकडची फेरी पावसाळा सरल्यावरच. म्हणजे उद्या जमलं नाही तर या हंगामाचं वाळवण गेलं, दुकान गेलं, आणि दीपमाला पुन्हा रस्त्याच्या कडेला.

मॅडमला ताजा मासा दाखवावा म्हणून ती पहाटेच कवडूसोबत धरणावर गेली. इकडे शेजारच्या सुमित्राबाई आल्या. सुमित्राबाई माळकरी. आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावणाऱ्या. पण त्या दिवशी स्वतःहून आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कौतिका, साहेब मानूस दारात येऊन राह्यलं आन् घर हे असं भकास? ना सारवण, ना रांगोळी. पोरीची इज्जत जाईन ना व!"

आम्हाला ते पटलं. पाव्हणे येवोत की साहेब येवोत, आमच्याकडे आधी सारवतात. समोरची छाया शेणाचं घमेलं घेऊन आली, आमच्या घरांच्या ओळीतल्या बाया जमल्या. अंगण सारवलं, ओसरी सारवली. मागची खोली सुमित्राबाईंनी एकटीनं सारवली. सिमेंटच्या कोब्यावर असा सुरेख हात फिरवला की पाहत राहावं. वर लक्ष्मीची पावलं काढली. नाकाला पदर लावायचंसुद्धा विसरल्या.

दीपमाला आली ती खोलीच्या दारातच थांबली. डोक्यावरचं टोपलं उतरवायचं तिला सुचेना.

"हे कोनं केलं?"

"मी," सुमित्राबाई कौतुकानं म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मॅडम तरुण होत्या. सारवलेलं पाहून त्यांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि तोंडातून निघालं, "किती सुंदर सारवलंय!" मग मागच्या खोलीत डोकावल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. "ताई, अंगणाचं ठीक आहे. पण जिथं मासा कापायचा तिथं शेण चालत नाही. अशा जागेला मला नाही म्हणावं लागेल."

"मॅडम, खाली पक्का कोबा हाये," दीपमाला म्हणाली. "हे आत्ताच केलं जी, मानापायी."

"असेल. पण मला तो दिसायला पाहिजे ना." मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला तळेगावात एक जागा पाहायची आहे. परत जाताना थांबते. तोवर होईल?"

होईल, असं आम्ही सगळ्याच म्हणालो. गाडी गेली आणि मग आठवलं की आज नळाचा दिवस नाही. टाक्यात तळाला जेमतेम पाणी होतं. दीपमाला खुरपं घेऊन ओलं शेण खरवडायला बसली. सुमित्राबाई निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

त्या परत आल्या त्या कमरेवर पितळी गुंड घेऊन. त्यांच्या घरचं पिण्याचं पाणी. त्या गुंडाला त्या घरच्या सुनेलाही आंघोळीशिवाय हात लावू देत नाहीत.

"सरक," त्या म्हणाल्या. "मी सारवलं, मीच धुतो."

"काकू, ते पेयाचं पानी होय!"

"मंग काय त्याचं लोणचं घालू?"

त्यांनी गुंड उपडा केला. मग छायानं माठ आणला. ओळीच्या टोकाचे तानबा सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून आले. ज्याच्या घरात जे होतं ते आलं. खराटे चालले, कोपरे घासले, औषधाचं पाणी फिरवलं, धुतलेल्या धोतरानं कोबा पुसून वर पंखा लावला.

मॅडम आल्या. खाली वाकून त्यांनी कोब्यावर तळहात टेकवला. जाळी पाहिली, ओटा पाहिला, माचाणं पाहिली, मच्छरदाणी पाहून हसल्या. मग म्हणाल्या, "इतकं पाणी आणलं कुठून?"

गळ्यातली तुळशीची माळ नीट करत सुमित्राबाई म्हणाल्या, "नळाले आलतं."

माळकरी बाई इतकं सरळ तोंड करून खोटं बोलू शकते हे मला तेव्हा कळलं.

"जागा चांगली आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडून हो आहे. नंबर येईल." आणि पुढे नंबर आलाही. आज प्रभाकररावांच्या दुकानात आमच्या पुड्या टांगलेल्या आहेत.

त्या दिवशी मी ओळीत कोणाचे आभार मानले नाहीत. सुचलंच नाही. म्हणून इथं लिहिते, सगळ्यांचे आभार. सुमित्राबाईंचे दोनदा, सारवण्याचेही आणि धुण्याचेही.

संध्याकाळी अख्खी ओळ कोरडी होती. कवडू म्हणाला, "माशाच्या ड्रमात भरून आणू का?" सुमित्राबाई ओरडल्या, "त्यापरीस मी तहानली बरी!" मग दीपमालानं सगळ्यांच्या घरून रिकामी भांडी गोळा केली आणि तानबांच्या शेतातल्या विहिरीवरून खेपा घालायला लागली. घरोघर पाणी भरत छायाच्या दारात पोचली तेव्हा छाया म्हणाली, "राहू दे व आता. सकाळपासून पायावर हाय, थकली असशीन."

"आज नाई थकली," दीपमाला म्हणाली, आणि तिचा माठ गळ्यापर्यंत भरून दिला.