वाटणीत आलेलं अर्धं यान

दादा गेला त्याला आता दोन महिने होतील. वहिनींचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला अंगणात पेपर वाचत बसलो होतो. “भाऊजी, ह्यांनी चहा घेतला नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, झाली असेल नवराबायकोत काहीतरी कुरबुर. मी थट्टेनं म्हणालोही, की मग तुम्ही घ्या त्याच्या वाटचा. त्या तशाच सपाट आवाजात म्हणाल्या, “चहा गरमच हाये अजून. पन हे उठून नाही राह्यले.” दादाचं आसेगाव माझ्या घरापासून जीपनं जायचं गाव. गेल्या पाच वर्षांत मी तिथं मोजून तीनदा गेलो होतो, तेही कुणाच्या लग्नाला नाहीतर मातीला. त्या दिवशी रस्ता फारच लवकर संपला. एवढा जवळ होता दादा… हे मला त्या दिवशी जीपमध्ये कळलं.

दादा, म्हणजे गजानन, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो शेतीत राहिला, मी शाळामास्तर झालो. आमच्यात काय होतं आणि काय बिघडलं हे सांगायचं तर मला एका खेळण्यापासून सुरुवात करावी लागेल. साठी उलटलेल्या माणसानं मोठ्या भावाच्या आठवणी लिहायला बसावं आणि खेळणं काढावं, हे हास्यास्पद आहे. पण इलाज नाही.

आमचा मामा आखातात फिटर होता. मी तिसरीत असताना तो सुटीवर आला आणि आम्हा दोघांत मिळून एकच खोका घेऊन आला. त्यात प्लॅस्टिकचे ठोकळे. निळे, करडे, एकमेकांवर दाबले की खिट्ट करून बसणारे. खोक्यावर चंद्राचं चित्र, त्यावर चाकं असलेलं एक यान, आणि यानात शेजारी शेजारी बसलेली बोटाच्या पेराएवढी दोन माणसं. एक लाल, एक पांढरा. दादानं लाल उचलला आणि म्हणाला, “हा मी. पांढरा तू, दिनू.” हा निर्णय नंतर कधी बदलला नाही. माहितीपुस्तकात अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. ते पहिल्याच महिन्यात आमच्या शेळीनं खाल्लं. त्यामुळं यान कसं जोडायचं हे फक्त दादाच्या डोक्यात राहिलं, आणि त्याच्याकडून माझ्या. मी घाई केली की तो हातावर चापट मारायचा. “चपटे खाली. चपटे पयले खाली बसव.” गावात वीज येऊन-जाऊन असायची आणि आम्ही दोघं ओट्यावर चंद्रावर उतरायची तयारी करत असायचो.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला दादानं एक पराक्रम केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोरं लाकडी नंदी सजवून मारुतीच्या पाराजवळ नेतात, घरोघर फिरवतात. आमचा नंदी होता, पण त्याचं एक चाक निखळलेलं. दादानं यानाच्या नाकाला सुतळी बांधली, आईकडून त्यावर हळदकुंकू लावून घेतलं आणि निघाला. मी लाजेनं मागे मागे. पाराजवळ आप्पाजी बसले होते, आमच्या भावकीतले एक वडीलधारे. त्यांनी विचारलं, “हे काय आनलं बे?”

“आमचा नंदी हाये, आप्पाजी.”

“शिंगं कुठी गेले त्याचे?”

“चंद्रावर कायले लागते शिंगं?” दादा म्हणाला, आणि आप्पाजींनी गंभीरपणे यानाला ओवाळून दोघांच्या हातावर एकेक नाणं ठेवलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, आम्हाला मिळाली. यानाच्या फटीत कुंकू बसलं ते बसलंच.

आता वाटणीबद्दल. पाच वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर वाटणी मी मागितली, दादानं नाही. मला मंगरूळपीरला घर बांधायचं होतं आणि माझ्या हिश्श्याचं वावर विकायचं होतं. दादा एकदाच म्हणाला, “इकू नको, मी पायतो ना त्याच्याकडं.” मला त्यात त्याचा डाव दिसला. मास्तरकीनं माणूस शहाणा होतो असं लोक समजतात. मी तरी झालो नाही. पंच म्हणून आप्पाजी बसले, तोवर ते नव्वदीला टेकलेले. वावर झालं, बैलजोडी झाली, भांडी झाली. सकाळपासून आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता “हे त्याले द्या, ते मले द्या” करत होतो. शेवटी लोखंडी पेटीच्या तळातून आमच्या ठोकळ्यांचा पत्र्याचा डबा निघाला. आप्पाजींनी झाकण उघडलं आणि हसले. सगळेच हसले. “हे कोनाले?” त्यांनी विचारलं. दादाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. तो बोलणार होता. मला आजही खात्री आहे, तो “दिनूले देऊन टाका” म्हणणार होता. त्याच्याआधी मी म्हणालो, “हेही अर्धं अर्धं करा.”

हसणं थांबलं. आणि मग गावातले दोन संसारी, केस पिकलेले भाऊ सतरंजीवर बसून ठोकळे वाटू लागले. एक तुले, एक मले. डावा पंख त्याला, उजवा मला. दोन चाकं त्याला, दोन मला. लाल माणूस दादानं न विचारता आपल्या ढिगात ठेवला, पांढरा माझ्याकडं सरकवला. शेवटी एकच ठोकळा उरला, तो आप्पाजींनी आपल्या बंडीच्या खिशात टाकला. “हा पंचाचा,” ते म्हणाले. मी माझा ढीग रुमालात बांधला. त्या गाठोड्याचं वजन काहीच नव्हतं.

पुढं बोलणं राहिलं, पण लग्नपत्रिकेपुरतं. दोन वर्षांपूर्वी दादा मंगरूळपीरच्या स्टँडवर भेटला. त्यानंच चहा सांगितला. बशीत ओतून निवत असलेल्या चहाकडं बघत तो म्हणाला, “तुह्याजवळचे ठोकळे हायेत का रे?”

“असतील.”

“एकडाव घेऊन ये. पाहू, जमते का अजून.”

“येतो. पोळ्याला येतो.”

पोळा आला. मी नातवाची परीक्षा सांगितली. पुढल्या वर्षी त्यानं फोन केला, “उद्या तान्हा पोळा हाये, दिनू.” मी गुडघे सांगितले. गुडघे खरोखर दुखत होते, पण त्याच आठवड्यात मी कारंज्याला एका सत्काराला जाऊन आलो होतो. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या पोळ्याआधी तो गेला.

तेरवी झाल्यावर मी रुमालाचं गाठोडं घेऊन आसेगावला गेलो. आता तरी ते यान पुरं करायचं, एवढंच डोक्यात होतं. मी ‘येतो’ म्हणालो होतो आणि मला येऊन दाखवायचं होतं… कुणाला ते विचारू नका. वहिनी मला दादाच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर त्यांच्या लग्नातला आरसा, खाली फळी. फळीवर दादाचं अर्धं यान, कापल्यासारखी सपाट बाजू आरशाला टेकवून उभं. तोल जाऊ नये म्हणून खाली काडेपेटी सरकवलेली. मला वाटलं, कुठंतरी ठेवायचं म्हणून ठेवलं असेल. वहिनी म्हणाल्या, “तिथून नाही. इथं बसा.” भिंतीला जवळजवळ चिकटून एक खुर्ची होती. तिच्यात बसलो, आरशाच्या कडेनं पाहिलं. यान पुरं होतं. दोन पंख, चार चाकं. नाक माझ्याकडं. आत शेजारी शेजारी दोन माणसं, दोन्ही लाल.

“रोज सांजी इथंच बसत,” वहिनी म्हणाल्या. “धूळबी मले पुसू देत नव्हते. म्हनत, हालवलं का मोडते.”

मी गाठोडं सोडलं. चपटे खाली. हातांना सगळं आठवत होतं. मान वळवली नाही, कारण चापट मारायला मागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटत होतं. माझं अर्धं झालं. मग त्याचं आरशापासून ओढलं, माझं त्याला लावलं, वरून दोन आडव्या पट्ट्या दाबल्या. खिट्ट. लाल आणि पांढरा शेजारी बसले. फक्त आप्पाजींच्या ठोकळ्याची जागा रिकामी राहिली. मी रडलो, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. वहिनी दारात उभ्या राहून आरशाकडं बघत होत्या. यान आता फळीच्या मधोमध होतं.

मग त्या म्हणाल्या, “भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. हे पयल्यासारखं करून ठेवता का? ह्यांनी ठेवलं व्हतं तसं.”

त्या पाच वर्षं रोज ते बघत होत्या. दादा जसं ठेवून गेला होता, ते त्यांचं होतं. मी यान पुन्हा मधून मोडलं. पहिल्या वेळी तोंडानं मोडलं होतं, या वेळी हातांनी. त्याचं अर्धं आरशाला टेकवलं, काडेपेटी सरकवली, खुर्चीत बसून एकदा नीट जमलंय का ते तपासलं. जमलं होतं. माझं अर्धं रुमालात बांधलं आणि शेवटची जीप सुटायच्या आत निघालो.

मंगरूळपीरच्या घरात दाढीचा आरसा आहे. त्याच्यापुढं मी माझं अर्धं लावून ठेवलंय. संध्याकाळी खुर्ची भिंतीला लावून बसतो, कडेनं बघतो. यान पुरं दिसतं, एक ठोकळाही कमी नाही. आत दोन माणसं बसलेली असतात, आणि दोन्ही पांढरी.