कॉम्प्युटर अडकला नाही, आक्का अडकली

काय सांगू राव, स्वतःच्याच मूर्खपणाचा किस्सा सांगायचा म्हणजे आधी घोटभर चहा लागतो. घेतलात? मग ऐका. आणि हसायचं तर मधेच हसून घ्या, कारण शेवटाला मला अजून हसू येत नाही.

नव्वदीची अखेर. जळगावात आमच्या कॉलनीत पहिला घरगुती कॉम्प्युटर माझ्याकडे आला. लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे! माझ्या मनात एकच होतं, आमच्या आक्काची कानबाईची गाणी त्यात भरून ठेवायची.

आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, धुळ्याकडच्या खेड्यात राहायची. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, घरात बसते तेव्हाची गाणी तिच्याइतकी भाऊबंदांत कुणालाच येत नव्हती. एरवी कितीही गळ घाला, उत्तर ठरलेलं. "कानबाईना दिन येवाना पहिले नई म्हनतस रे भो!" त्या वर्षी भाऊबंदांची कानबाई आमच्या घरी बसणार होती. अशी संधी पुन्हा कुठली यायला?

साउंड कार्ड घेतलं. बदल्यात घरातला टेपरेकॉर्डर दुकानदाराला देऊन टाकला. आमची सुमन म्हणाली, "राहू द्या की तो. असावा घरात."

"अगं, डिजिटलचा जमाना आलाय! त्या खरखरणाऱ्या डबड्याचं काय करायचं?" बायकोला मी असं ऐकवलं, हे लक्षात असू द्या.

पण आमचा डिजिटल जमाना घटकेघटकेला अडकायचा. मधेच टक्, मधेच शांतता, मधेच सगळा पडदा निळा! फ्रिज सुरू झाला की टक्. शेजाऱ्यांनी मोटार लावली की टक्. मग मी पेटलो. स्टॅबिलायझर आणला. मोडेम उपसून काढला, मुलीचे गेम उडवले, स्क्रीनसेव्हर बंद केला. कुणीतरी म्हणालं, तुमचं अर्थिंग कच्चं आहे. झालं! अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं आणि त्यात रोज बादलीभर पाणी. तेही दिवसाआड नळ येणाऱ्या गावात! सुमन म्हणायची, "तुळस वाळली, खड्ड्याला मात्र रोज आंघोळ."

श्रावण येईपर्यंत मशीन असं स्थिर झालं की तासभर रेकॉर्ड करा, एक टक् नाही. बारावीत पहिल्या आलेल्या पोरीकडे बघावं तसा मी त्याच्याकडे बघायचो.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला भाऊबंदांच्या बायका आमच्या हॉलमध्ये जमल्या, आक्काही खेड्याहून आली. मी आधीच बटण दाबलं, हेडफोन चढवले आणि हादरलो. सुपांची फडफड, खिदळणं, कुणाचं तरी तान्हं आणि नुसत्या बांगड्याच बांगड्या!

"काकू, वहिनी, तुम्ही सगळ्या गहू घेऊन शेजारी बसा बरं!"

"अहो, पण आक्का..." सुमन काहीतरी सांगायला लागली.

"शूऽऽ! रेकॉर्डिंग!"

बायका गेल्या. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिज बंद. माइकपुढे आक्का घामाघूम. मी खूण केली. आक्कानं पहिली ओळ म्हटली. अहाहा, काय आवाज! आणि ती थांबली.

मी वाट बघतोय. आक्का वाट बघतेय. कॉम्प्युटर मजेत चालू!

"आक्का, पुढची ओळ?" मी कुजबुजलो.

तिनं पुन्हा पहिलीच ओळ म्हटली आणि दाराकडे बघितलं.

"विसरलीस का गं?"

"नई रे, बठ्ठं ध्यानमा शे! पन झेलनाऱ्या बाया कोठे शेतस? मी एक ओळ म्हनस, त्या झेलतस, तवय माले दुसरी येस. एकलीनं कोठे गानं ऱ्हास?"

"मग मी झेलतो!"

आणि झेललं हो मी! आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं घाम पुसून उठली. "भलतं उकडी ऱ्हायनं. तुनं मशीन तूच सांभाळ."

ती शेजारी गेली आणि थोड्याच वेळात तिकडून गाणं उठलं. आक्काची एक ओळ, मागून सगळ्यांची एक, बांगड्यांसकट, तान्ह्यासकट. मी माइक घेऊन धावलो. वायर दारापर्यंतसुद्धा पुरेना! कॉम्प्युटर उचलून न्यावा, तर तो स्टॅबिलायझरला आणि अर्थिंगला जखडलेला. टेपरेकॉर्डर असता तर सेल टाकून काखेत मारला असता.

मी शेजारी जाऊन हात जोडले, "सगळ्या आमच्याकडे चला ना परत!"

"गानं मधमा मोडतस नई," आक्का म्हणाली आणि गातच राहिली.

म्हटलं, ठीक आहे, संध्याकाळी सगळ्यांना बसवू. संध्याकाळी लाइट गेली, ती कानबाई नदीवर पोचवल्यावरच आली.

पुढच्या श्रावणाआधी आक्का गेली. आता कानबाई बसते तेव्हा बायका पहिली ओळ म्हणतात आणि एकमेकींकडे बघत राहतात. फार वाईट वाटतं हो. त्या दुपारी बांगड्या वाजू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

ती फाइल आहे अजून, सुरुवातीचा सुपा-बांगड्यांचा गलबला मी नंतर कापून टाकलेली. परवा मुलीनं ऐकली. म्हणाली, "बाबा, केवढं क्लीन रेकॉर्डिंग! जराही गोंगाट नाही."

"आहे ना," मी म्हटलं. "सुरुवातीला एक माणूस शूऽऽ करतोय, तो ऐक. बाकी सगळा गोंगाट मी काढला, तेवढा एक राहिला."