कानामागचा डाग

“गालावरच्या खपलीचं एवढं काही नाही. पण कानामागे आहे तो कॅन्सर वाटतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मला नाही, सोबत आलेल्या माझ्या भावाला, अण्णाला.

“मॅडम, मला सांगा. कान माझा हाय,” मी म्हणाले.

त्या ओशाळल्या. खुर्ची माझ्याकडं वळवून पुन्हा पहिल्यापासून बोलल्या.

मला जन्मापासून अल्बिनिझम आहे. म्हणजे कातडीत, केसांत रंगच तयार होत नाही. ऊन अडवणारा तो रंग नसला की त्वचेचा कॅन्सर लवकर गाठतो. हे मला पस्तिशीत कळलं. तोवर गाव मला गोरी ‘मडम’ म्हणायचं. आमच्या मन्नाएखेळ्ळी गावच्या हायवेवर भाजी विकून तोंड भाजलं की वहिनी खोबरेल लावायची.

गालावरची खपली जाता जाईना, म्हणून कलबुर्गीचा दवाखाना गाठला. तिथं डर्मोस्कोपी केली. दिवा असलेलं भिंग कातडीवर टेकवून आतल्या बारीक रक्तवाहिन्या बघतात. सुई नाही, चिरा नाही. मी गाल पुढं केला होता. बाईंनी मान, हात, कान, सगळं बघितलं. कानामागचा तो मसुराएवढा डाग मला आरशात कधी दिसलाच नव्हता.

भिंगानं संशय येतो. खात्रीसाठी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. रिपोर्ट येईपर्यंत अण्णा नीट जेवला नाही. आला तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर.

“लवकर सापडला. तेवढाच भाग काढू,” बाई म्हणाल्या.

काढला. टाक्यांमुळं त्या कुशीवर झोपता येईना. रडले, पण न्हाणीची कडी लावून.

“आता घरात बस. मी हाय की तुला बघायला,” अण्णा म्हणाला. मायेनंच म्हणाला, तरी मला राग आला.

“कामून? काय गुन्हा केलाय मी?”

डॉक्टरांनी कोंडून घ्यायला सांगितलं नव्हतं. पूर्ण बाह्या, रुंद टोपी, सनस्क्रीन, सावली आणि ठरल्या वेळी भिंगाखाली तपासणी, एवढंच सांगितलं होतं. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्या कानामागं, मानेवर, पाठीवर बघा. न भरणारी जखम दिसली की दवाखाना गाठा. त्या बाईंनी मी न सांगता माझा कान उलटून बघितला, म्हणून मी आज हे सांगते आहे.

आता भाजीच्या गाड्यावर मोठी छत्री बांधली आहे. परवा एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, “एवढं झाल्यावर बी चारचौघांत बसायलीस व्हय? लपून ऱ्हावं गं.”

मी वांगी तोलत म्हणाले, “झाकून बसते की, अक्का. लपणार मात्र न्हाई.”