निवडणुकीआधी पाडलेला कट्टा

नगराध्यक्षपद या वेळी महिलेसाठी राखीव झाल्याचं मला बेकरीत कळलं. पाव न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मी खारीचे ट्रे भट्टीतून काढत होते. "बरं झालं," म्हणाले आणि पुढचा ट्रे ओढला. तेव्हा त्या खुर्चीशी माझा काही संबंध येईल असं मनातही नव्हतं.

माझं माहेर उंब्रजचं. घरी ऊस, घरातला एक तरी माणूस फौजेत. लग्न होऊन मी इकडे माणदेशात आले, तेव्हा माहेरच्या बायकांना वाटलं, पोरगी दुष्काळात दिली. पण आमचं गाव तेव्हा भरलेलं असायचं. बाजाराच्या दिवशी पेठेतून चालताना खांद्याला खांदा लागायचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं मेंढरं विकायला, कापड घ्यायला, दवाखान्याला इथंच येत. बेकरी सासऱ्यांनी काढलेली. नवरा पलटणीत होता, सासरे थकत गेले आणि हळूहळू भट्टीपासून गल्ल्यापर्यंत सगळं माझ्या हातात आलं. नवरा सुभेदार होऊन परत आला तेव्हा पेठेत माझी ओळख सुभेदारांची बायको अशी नव्हतीच. त्यांना लोक म्हणत, बेकरीवाल्या काकींचे मालक.

मग गावाबाहेरून मोठा रस्ता झाला आणि गाव सुकायला लागलं. मी हायवेवरच्या गावात वाढलेली. रस्त्याच्या कडेला असलं की गाव कसं फुगतं, हे मी उंब्रजला पाहिलं होतं. रस्ता कुशीतून निघून गेला की काय होतं, ते इथं पाहिलं. एसट्या फाट्यावरच माणसं उतरवून पुढे जायला लागल्या. फाट्यापासून पेठ लांब. सामान डोक्यावर घेऊन कोण चालत येणार? वस्तीवरची माणसं थेट म्हसवडच्या बाजाराला जायला लागली. पेठेतल्या एकेका दुकानाचं शटर खाली आलं ते परत वर गेलंच नाही.

आरक्षण जाहीर झालं त्याच आठवड्यात गावातले एक पुढारी आमच्या घरी आले. शाल, नारळ, मागे चार माणसं. सुभेदारांना म्हणाले, "वहिनींचं नाव द्या. बाकी समदं आमी बघतो."

सुभेदार म्हणाले, "मालकीणबाई बेकरीत हायत. तिकडं जाऊन विचारा."

ते बेकरीत आले. मी हात पुसून पुढे आले.

"वहिनी, तुमी नुसतं हुबं ऱ्हायचं. सभेला नुसतं हात जोडायचं. बाकीचं काय बी बघायची गरज न्हाई."

"बाकीचं म्हंजे?"

"म्हंजे कारभार वो. सह्या तेवढ्या करायच्या."

"आवं, ही बेकरी मी असं नुसतं हुबं राहून चालवली असती का?" मी विचारलं.

ते हसले, मी नाही हसले. शाल तशीच घडी घातलेली परत गेली. त्या दिवशी दुपारी भट्टी शांत झाल्यावर मी सुभेदारांना म्हणाले, "मी उभी राहते. पण अपक्ष. आणि कारभार मीच करणार."

"मग मी पोस्टर चिकटवतो," ते म्हणाले. आणि खरंच चिकटवले.

चिन्ह म्हणून मी कपबशी मागितली होती. बेकरीला ती शोभली असती. ती दुसऱ्या उमेदवाराला गेली आणि मला शिलाई मशीन आलं. पेठेत हसू झालं. मला आयुष्यात धड बटण लावता येत नाही. पण चिन्ह लोकांच्या लक्षात राहिलं, ते या हसण्यामुळेच.

प्रचाराला मी आधी हद्दवाढीत गावात आलेल्या वस्त्यांवर गेले. तिथं बहुतेक मेंढपाळांची घरं. आता थोडी शेती, थोडी मेंढरं. गावात धरले गेले म्हणून घरपट्टी आली, बाकी काही आलं नाही असं त्यांचं म्हणणं. एका अंगणात म्हातारी करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती. मी हात जोडले, चिन्ह सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "माजी नात कालिजला जाती. फाट्यावर उतरती आन उन्हातनं चालत येती. एसटी गावात आणशील?"

"आणते की."

"समदी आसंच म्हणत्यात. निवडून यायच्या आदी आण. मग मत माग."

माझ्याबरोबरच्या बायका मला ओढून पुढे नेऊ लागल्या. पण मला त्या म्हातारीचं बोलणं एकदम पटलं. गिऱ्हाइकाला आधी वास येतो, मग ते पाव घेतं. हिला नुसता प्रचाराचा कागद हुंगवून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी मी आणि सुभेदार डेपोत गेलो. तिथले साहेब तरुण होते, खुर्चीवरून उठून बोलले. "ताई, वेळापत्रकात तुमचं गाव आहेच. आमचे चालकच आत यायला तयार नाहीत. तुमच्या पेठेच्या कोपऱ्यावर गाडी वळत नाही. एकदा अडकली, काच फुटली, चालकाला लोकांनी धक्काबुक्की केली. तुम्ही रस्ता मोकळा द्या, मी गाडी आत पाठवतो."

परत आल्यावर आम्ही दोघं पेठेच्या त्या कोपऱ्यावर उभे राहिलो. इतकी वर्षं रोज पाहिलेला रस्ता मी पहिल्यांदा गाडीच्या नजरेनं पाहिला. दोन्ही बाजूंनी दुकानांच्या पायऱ्या, पत्रे, फलक पुढे आलेले. आणि सगळ्यात पुढे, अगदी वळणावर, आमच्या बेकरीचा कट्टा. सासऱ्यांनी हौसेनं बांधलेला, घडीव दगडाचा. सकाळी म्हातारी माणसं त्यावर बसून चहा-टोस्ट खायची. आमचा निम्मा धंदा त्या कट्ट्यावर होता.

"तुजाच कट्टा आडवा हाय," सुभेदार म्हणाले.

"दिसतंय मला."

"निवडणूक होऊन जाऊ दे. मग पाड. आत्ता हात लावलास तर पेठ फिरंल. सगळ्यांना वाटंल, आज हिनं स्वतःचा पाडला, उद्या आपला पाडंल."

"खरंच आहे की ते. पाडायलाच लागणार आहेत."

"मग ते आत्ता कशाला सांगायचं?"

"कारण मत आत्ता मागायचंय," मी म्हणाले.

त्यावर आमचं भांडण झालं. फौजेतला माणूस, त्यांचं म्हणणं होतं की लढाई चालू असताना आपलीच भिंत कोणी पाडत नाही. मी जेवायला वाढलं. ताट संपवून तेच म्हणाले, "घण कुठं ठेवलाय?"

पण त्याआधी मला पेठेला सांगायचं होतं. दुकानदारांना मी बेकरीत बोलावलं. बरेच आले. समोरच्या कापड दुकानाचे अण्णा पुढच्या बाकावर बसले. ते सासऱ्यांचे जिवलग दोस्त, मला सूनबाई म्हणायचे. मी डेपोतलं सगळं सांगितलं. एसटी आत आली तर गिऱ्हाईक आत येईल, पण त्यासाठी पुढे आलेलं प्रत्येकाला मागे घ्यावं लागेल, आणि सुरुवात मी करते, असं म्हणाले.

मग अण्णा म्हणाले, "सूनबाई, तू मत मागाया आलीस का पायरी मागाया?"

"दोन्ही मागते, अण्णा."

"दोनातलं एकच मिळंल. ते बी मिळंल का न्हाई, सांगता येत न्हाई." ते उठले. त्यांच्यामागे बरेच जण उठले.

पुढच्या दिवशी सकाळी भट्टी बंद ठेवली आणि सुभेदारांनी पहिला घाव घातला. दगड चांगला बसवलेला होता, लवकर हलेना. मी पहार घेऊन फटीत घातली. लोक गोळा झाले. कोणी मोबाईलवर चित्रण करत होतं, कोणी नुसतं चुकचुकत होतं. रोज त्या कट्ट्यावर बसणारे एक आजोबा म्हणाले, "आता आमी कुटं बसायचं गं?" सासऱ्यांचे कारागिरांना सूचना देणारे हात डोळ्यांसमोर आले. "आत बसा की, आजोबा. पंख्याखाली," मी म्हणाले आणि पहार दाबली. दगड सुटला.

संध्याकाळपर्यंत कोपरा मोकळा झाला. सलूनवाल्यानं आपला पत्रा काढला. फुलवालीनं टेबल आत घेतलं. मोबाईल दुकानाच्या पोरानं फलक भिंतीला सरळ लावला. बाकी कोणी हललं नाही. पण वळणावरचा सगळ्यात मोठा अडथळा आमचाच होता, तो गेला.

त्याच दिवशी शाल घेऊन आलेल्या त्या पुढाऱ्यांच्या उमेदवाराची चौकसभा झाली. भोंग्यावरून आवाज आला, "जी बाई सासऱ्याचा कट्टा ठेवत न्हाई, ती तुमची दुकानं काय ठेवणार?" टाळ्या पडल्या. त्यात आमच्या पेठेचे हात होते, मी दारातून पाहिले. वाईट वाटलं. पण मी केलं होतं ते डोळ्यांना दिसत होतं. वाद घालायला मला भोंगा लागत नव्हता.

डेपोतल्या साहेबांना कळवलं. ते शब्दाला जागले. गाडी येणार त्या सकाळी मी फाट्यावर गेले. चालक खिडकीतून म्हणाला, "काकी, वळंल ना? न्हाई तर मला परत मार बसायचा."

"तुम्ही चला. पुढे मी आहे," म्हणाले आणि रिक्षात बसून गाडीच्या पुढे निघाले.

पेठेच्या तोंडाशी सुभेदार उभे होते. परेडला उभे राहिल्यासारखे, दोन्ही हातांनी खुणा करत, पाठीमागे एकेक पाऊल सरकत. "आन दो, आन दो! बस! आता मार उजवीकडं!" अण्णांच्या पायरीजवळून चाक गेलं तेव्हा मी वाकून पाहिलं. वीतभर जागा राहिली असेल. गाडी वळली. गावातल्या ओस पडलेल्या स्टँडवर जाऊन थांबली तेव्हा तिथली कुत्रीसुद्धा दचकून उठली. आतून कॉलेजच्या मुली उतरल्या, एक बाई डालग्यात कोंबड्या घेऊन उतरली, दोन म्हातारे उतरले आणि इकडे तिकडे पाहत राहिले, आपण कुठे आलो म्हणून. एका मुलीनं मला ओळखलं. "शिलाई मशीन!" ती ओरडली. सगळ्या हसल्या.

मतमोजणीला पहिल्यांदा पेठेची यंत्रं उघडली. मी मागे होते. थोडीथोडकी नाही, चांगलीच मागे. आमच्या स्वतःच्या गल्लीनं मला सगळ्यात कमी मतं दिली होती. सुभेदारांनी माझा हात धरून ठेवला. मग वस्त्यांची यंत्रं आली. आकडे बदलायला लागले. कागदावर बेरीज करणारा आमचा माणूस अडखळला, त्यानं परत मांडलं, परत मांडलं, आणि मग टोपी हवेत उडवली.

बाहेर आले तर गुलाल. मी मिरवणूक पेठेतूनच नेली. कोणाला खिजवायला नाही. तोच माझा रस्ता होता.

काही दिवसांनी मी नगरपालिकेच्या खुर्चीत बसले होते, तेव्हा अण्णा आले. धोतर सावरत समोर बसले.

"सूनबाई, खोटं बोलत न्हाई. मी तुला मत दिलं न्हाई."

"ठाऊक आहे, अण्णा."

"पर दुकानाम्होरचं गटार तुंबलंय. वास मारतोय."

मी तिथल्या तिथे माणूस बोलावला आणि त्यांच्याबरोबर पाठवला. जाताना ते दारात थांबले. "एसटीनं गिऱ्हाईक येतंय जरा," इतकंच म्हणाले.

आजही सगळ्या गाड्या आत येत नाहीत. संध्याकाळची एक हटकून फाट्यावरून निघून जाते आणि मी डेपोत भांडायला जाते. बंद शटरं पुष्कळ आहेत. पहाटे बेकरी, मग नगरपालिका असा माझा दिवस असतो आणि दोन्हीकडे माझी सही माझीच असते.

मागच्या महिन्यात मी कुपवाडला गेले होते. आमच्या गावची पुष्कळ पोरं तिथल्या कारखान्यांत कामाला आहेत, खोल्या करून राहतात. सुट्टी झाली की मोटारसायकलींची रांग गेटातून बाहेर पडते, त्यात चार ओळखीचे चेहरे दिसतात. तिथल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाला मी म्हणाले, "तुमची निम्मी माणसं आमची आहेत. कारखान्याचा एक तुकडा आमच्याकडे आणा. जागा आहे, शेड आहे."

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"कमी आहे. पण तुमच्या कामाला पुरेल एवढं मी देते."

"आणि गाडी वळते का तिथं? माझा टेम्पो मोठा आहे."

"एसटी वळते," मी म्हणाले.

ते येऊन गेले. कापूस जिनिंगच्या जुन्या शेडचं दार त्यांनी टेपनं मोजलं, पत्र्यावर दगड मारून पाहिला, विजेच्या खांबाचं अंतर नजरेनं मापलं. काही कबूल केलं नाही. पण जाताना विचारलं, इथं भाड्यानं घर मिळेल का. मी त्यांना लगेच गाडीत बसवलं आणि घरं दाखवायला घेऊन गेले.